वखारीपुढचे वळण

धाकटीने मशीनचे चाक स्वतःकडे फिरवले. सुई सहजी वर येईना. आई गेली त्या दुपारपासून ती गोधडीच्या तिन्ही पदरांत रुतून उभी होती आणि कापडाने तिला घट्ट धरून ठेवले होते. चाकाला आणखी जरा जोर दिला तेव्हा बारीक कुरकुर झाली आणि सुई सुटली. ती उभी होती तिथे गंजाचा एक ठिपका राहिला, तिळाएवढा.

पलीकडच्या खोलीत खुर्ची सरकली.

"सुई वर घेतलीस?"

धाकटी दचकली. बाबांचा आवाज होता. गेले काही महिने बाबा 'हो', 'नको' आणि 'बघू' या तीन शब्दांवर दिवस ढकलत होते. त्यांच्या तोंडून अख्खे वाक्य ऐकायची तिच्या कानांची सवय मोडली होती.

"हो बाबा. का?"

थोड्या वेळाने खुर्ची पुन्हा होती तिथे गेल्याचा आवाज आला.

गोधडी अर्धी टिपलेली होती. वरचा पदर तुकड्यातुकड्यांचा: जुने पडदे, दादाचा शाळेचा सदरा, तिचा स्वतःचा एक पिवळा फ्रॉक. मध्ये कापसाचा थर, खाली करड्या रंगाचे साधे अस्तर. आणि या तिन्हींना एकत्र बांधत जाणारी आईची वेल. डाव्या कोपऱ्यातून निघून, तुकड्यांच्या सांध्यांची पर्वा न करता ती वळत, चढत, मध्येच एखादे पान फोडत गोधडीच्या मध्यापर्यंत आली होती आणि त्या ठिपक्यापाशी थांबली होती. पुढे नुसते कापड होते.

दोन आठवड्यांनी रविवारी दादा गाडी घेऊन येणार होता, बाबांना आपल्या घरी न्यायला; तोवर धाकटी इथे मुक्कामाला आली होती. "एकटे राहून भिंतीसारखे झालेत गं ते," तो फोनवर म्हणाला होता, आणि ते खोटे नव्हते. त्यांच्यासाठी खोली रंगवून झाली होती, नवा पलंग आला होता. त्या पलंगावर आईची ही शेवटची गोधडी पुरी होऊन पडावी, आईचा हात कुठे संपला आणि आपला कुठे सुरू झाला हे कोणालाच ओळखू येऊ नये, एवढेच धाकटीला हवे होते. पुस्तके छापायला जाण्याआधी त्यांतल्या चुका काढणे हा तिचा व्यवसाय. दुसऱ्याच्या मजकुरात स्वतःचा हात दिसू न देणे तिला चांगले जमत असे. कापडावरही जमेल, असे तिने गृहीत धरले होते.

मशीन खोलीच्या मधोमध होते. चारचौघांच्या घरी ते भिंतीला लागून, खिडकीखाली असते. इथेही पूर्वी तसेच होते. बाबा निवृत्त झाले त्या सुमारास आईने ते मध्ये ओढून घेतले आणि त्याच्या पलीकडच्या अंगाला एक बुटके स्टूल ठेवले. गोधडीचे ओझे टेकवायला असेल, असे धाकटीला वाटत आले होते. सुईच्या दोन्ही बाजूंना मशीनच्या फळीचे पॉलिश तळहाताएवढे झिजून तिथे लाकूड गुळगुळीत झाले होते. खणात रिळे, खडूचा तुकडा, आणि आईची पितळी अंगुस्तान. हातशिलाई करताना बोटाला सुई लागू नये म्हणून घालायची ती टोपी आई मशीनवर बसतानाही घालायची. "मशीनची सुई काय तुझ्या अंगुस्तानीला भीक घालणार आहे?" असे दादा चिडवायचा. आई म्हणायची, "घालते की. तुला काय माहीत?"

धाकटीने मशीनच्या दातांवर पत्र्याची झाकणी बसवली. ती बसवली की मशीन कापड आपणहून पुढे ओढत नाही. सुई नुसती वरखाली होत राहते, आणि हात कापड जिकडे नेतील तिकडे टीप उमटत जाते. आईची वेल अशीच निघायची.

तिने आधी टाकाऊ कापडावर सुरुवात केली. पायपट्टीवर पाय ठेवला, हात कापडावर पसरले आणि डोळ्यांसमोर आईची वेल आणली. पायपट्टी हलली. पहिले दोन टाके बरे पडले. मग पाय निघाला तो निघालाच. हात वळणापाशी अजून विचार करत होते तोवर सुईने एकाच जागी दहा घाव घातले, आणि हात घाबरून पुढे धावले तेव्हा टाके इतके लांब पडले की त्यांत बोट अडकावे.

पुढचे काही दिवस ती या ना त्या युक्तीने वेलीच्या मागे लागली. कागदावर वेल काढून, कागद कापडाला टाचून, त्या रेघेवरून शिवून पाहिले; कागद फाटून त्याचे कपटे टाक्यांखाली अडकून बसले आणि ते चिमट्याने काढता काढता संध्याकाळ झाली. हात घसरू नयेत म्हणून भांडी घासायचे रबरी मोजे घातले. हात घसरले नाहीत, पण घामाने ओले झाले. एकदा पाय अगदी हळू, एका वेळी एकच टाका, असेही केले. तेव्हा टाके सारखे पडले, आणि वेल एखाद्या आजारी माणसाच्या सहीसारखी थरथरत गेली.

दुपारी उन्हाचा चौकोन खिडकीतून आत येऊन मशीनच्या लोखंडी जाळीवर चढायचा. त्या उन्हात तिला गुंगी यायची. वाटायचे, पलीकडच्या स्टुलावर कोणी बसले आहे आणि आपले शिवणे संपायची वाट पाहते आहे. डोळे उघडले की स्टुलावर ऊन असे.

*

"ही टीप आहे की मुंग्यांची मिरवणूक?" कोपऱ्यावरच्या दुकानातले शिंपीकाका म्हणाले. "आणि त्यातल्या निम्म्या प्यायलेल्या दिसतायत."

"काका, हसू नका."

"हसत नाही. थांब, चष्मा लावतो." चष्मा लावून ते पुन्हा हसले. मग मात्र त्यांनी कापड उजेडाकडे धरले, उलटून पाहिले, अंगठ्याने टाके चाचपले. "तुझ्या पायाला भिंगरी आहे. लहानपणी जिना उतरायचीस तेव्हा माझी कात्री चुकायची. पाय पळतो, हात मागं राहतात. एक तर पाय आवर, नाहीतर हातांना पळव."

"दोन्ही करून झालं."

"मग सरळ टिपा मार. त्यात काय कमीपणा आहे? प्रत्येकाच्या हाताची एक चाल असते. तुझी आईसुद्धा आधी सगळं सरळच शिवायची, वहीच्या पानासारखं. मग बोटं सुजायला लागली आणि हात असा सुटला की बघत राहावं. लोकांचं उलटं होतं बाई."

आईच्या बोटांची ती सूज धाकटीला आठवत होती. शेवटी शेवटी बरणीचे झाकणही आई बाबांकडे द्यायची.

"माझ्याकडं आहे ना तिची एक," काका म्हणाले. "त्या गोधडीत अशी झोप लागते म्हणतेस! बायको म्हणते, तुमच्या घोरण्यालासुद्धा आता चढ-उतार आलाय." त्यांनी कापडाची घडी करून तिच्या हातात दिली, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. गोधडी घेऊन ये. मोठ्या मशीनवर तासाभराचं काम आहे. उभ्या सरळ टिपा मारून देतो. अर्धी तिची, अर्धी माझी. बाबांना ऊब सारखीच लागेल."

घरी परतताना ते वाक्य तिच्याबरोबर चालत राहिले. ऊब सारखीच लागेल. खरे होते. तरी जिन्यापाशी पोचेपर्यंत तिने हातातली घडी दोनदा उलगडून पाहिली.

*

ती गोधडीची घडी घालून काखेत धरून निघाली तेव्हा बाबा दारात उभे होते.

"कुठं नेतेस?"

"शिंपीकाकांकडं. उरलेल्या भागावर सरळ टिपा मारून देतायत. मला नाही जमत, बाबा."

"सरळ?"

"हो. उभ्या, ओळीत."

बाबांनी मान हलवली. नकाराची होती की नुसती वयाची, ते कळले नाही.

"तिथून पुढं सरळ रस्ता नाही," ते म्हणाले. "वखारीच्या पुढं लगेच वळण आहे."

बाबांचे लक्ष ठिकाणावर नसते, असे दादा म्हणाला होता, ते हेच असेल का? धाकटीने आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"कुठली वखार?"

बाबांनी तिच्या काखेतून गोधडी काढून घेतली. आई गेल्यापासून त्यांनी मशीनच्या खोलीत पाऊल टाकले नव्हते. केर काढतानाही ते उंबरठ्याशी थांबून झाडू आत लांबवत. आता मात्र ते सरळ आत गेले, मशीनला वळसा घातला आणि त्या बुटक्या स्टुलावर बसले. त्यांचे गुडघे लोखंडी जाळीच्या दोन्ही बाजूंना असे अलगद जाऊन बसले, जसा दरवाजा चौकटीत बसतो.

त्यांनी गोधडी मशीनवर पसरली. गंजाचा ठिपका सुईखाली आणला.

"ही वखार," ते म्हणाले. "लाकडाची. इथं मोठं पान करायचं राहिलंय. पान झालं की चहा, असं ठरलं होतं आमचं. पण तिला आधीच चहा हवा झाला. म्हणाली, गाडी उभी ठेवा, आलेच."

गॅसवर पाणी उकळत होते आणि आई स्वयंपाकघरात पडलेली होती, एवढे धाकटीला माहीत होते. ती कुठून उठून तिथे गेली होती, हे तिने कधी विचारले नव्हते.

"तुम्ही इथं बसलेले होतात?"

"मग कुठं असणार?" बाबा म्हणाले. "बस. उभ्यानं मशीन चालत नाही."

ती बसली. बाबांनी गोधडीच्या पलीकडच्या दोन्ही कडा गुंडाळून घट्ट वळकट्या केल्या आणि एकेक वळकटी एकेका मुठीत धरली. सगळे ओझे त्यांनी दोन्ही हातांवर उचलून घेतले. सुईखालचे कापड एकदम हलके झाले, पाण्यावर पडल्यासारखे.

धाकटीने पायपट्टी हलवली आणि सवयीने हातांनी कापड ढकलले. सुई वेडीवाकडी धावली.

"हात हलवू नकोस."

"मग कापड कसं फिरणार?"

"हात ठेव नुसते. सुईच्या दोन बाजूंना. दबून राहू दे कापड. ती तेवढंच करायची."

तिने तळहात खाली ठेवले. ते कापडाखालच्या झिजलेल्या जागी बरोबर बसले. जरासे लहान पडले, इतकेच.

"आता टोपी घाल."

तिने खणातून अंगुस्तान काढून बोटात घातली. पितळ गार होते. बाबा वाट पाहत होते. कशाची, ते तिला कळेना.

"वाजव की," ते म्हणाले. "दोनदा. त्याशिवाय गाडी हलवायची सवय नाही मला."

तिने मशीनच्या लोखंडी मानेवर दोनदा टकटक केली.

तो आवाज ऐकला आणि तिला फोन आठवले. दुपारी फोन केला की आईच्या बोलण्याच्या मागे ही टकटक चालू असायची. काय ठोकतेस, असे तिने विचारलेही होते. "काही नाही गं, एक म्हातारी चढतेय," म्हणून आई हसली होती. धाकटीला वाटले होते, जिन्यावर कोणी असेल.

बाबांच्या मुठी वळल्या. डावी वळकटी खाली गेली, उजवी वर आली. कापड तिच्या तळहातांखालून आपणहून सरकू लागले, गोल फिरले, आणि गंजाच्या ठिपक्याभोवती एक पान उमटत गेले. आईचे पान. तसेच एका बाजूला फुगलेले, टोकाशी जरा कलते.

धाकटीचा पाय थांबला.

"थांबू नकोस," बाबा म्हणाले. "वळणात थांबत नसतात. मागून गाडी येते."

*

बाबांनी बस चालवली ती तीस-एक वर्षे. पहाटे डबा घेऊन निघत, रात्री परत येत. ते कुठे जातात हे धाकटीला लहानपणी माहीत होते ते एवढेच, की 'गाडीवर'. आईलाही याहून फारसे ठाऊक नसावे.

"कधी आलीच नाही ती माझ्या गाडीत," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशीची दुपार होती, उन्हाचा चौकोन त्यांच्या खांद्यावर आला होता. "घरचं, तुमचं, शिवणाचं. जमलंच नाही. मी निवृत्त झालो तेव्हा म्हणाली, इतकी वर्षं कुठं जात होतात ते एकदा दाखवा तरी. म्हटलं चल. तर तोवर तिचे गुडघे बसमध्ये चढेनात."

"आणि बोटं?"

"बोटंही गेलीच होती. कापड ढकलवेना तिला. पाय मात्र शेवटपर्यंत ठणठणीत. मी आपला ओझं उचलायला बसायचो. सरळ टिपा चालल्या होत्या, कंटाळवाणं काम. एकदा बसल्या बसल्या माझे हात वळले." त्यांनी वळकट्या धरलेल्या मुठी किंचित फिरवून दाखवल्या. "म्हाताऱ्या घोड्यासारखं, सवयीच्या वाटेनं. ओरडेल म्हटलं. तर म्हणते, हे कुठलं वळण? म्हटलं, पुलाच्या अलीकडचं. म्हणते, मग चला की पुढं."

धाकटीने पायाखालची पट्टी हलवत ठेवली होती. आता तिला पायाचा विचार करावा लागत नव्हता. "चढ आहे," असे बाबा म्हणाले की ती जोर वाढवायची. "उतार, पाय काढ," म्हटले की कमी करायची. जिन्यावरून धडधडत उतरणारा तिचा पाय त्या आवाजापुढे मुकाट झाला होता. पान म्हणजे थांबा. पानाशी यायची वेळ झाली की बाबा हनुवटी जराशी वर करायचे आणि ती एकदा टकटक करायची. पान झाले की दोनदा.

"हे कोण उतरलं?" तिने एकदा विचारले.

"शाळामास्तर. रोज झोपायचा आणि रोज मला हाक मारायला लागायची."

"आणि ही दोन पानं इतकी जवळ का?"

"सख्खे भाऊ. एकमेकांच्या दारासमोर उतरायला लाज वाटायची त्यांना. भांडण होतं. पन्नास पावलांसाठी दोनदा ब्रेक." बाबा हसले. तो आवाज त्यांनाच अनोळखी वाटला असावा. थोडा वेळ कापड नुसते सरळ गेले.

"म्हणजे शिंपीकाकांकडची जी आहे…"

"ती घाटाची. सबंध चढ आहे. त्यात झोपल्यावर घोरणार नाहीतर काय करणार तो?"

धाकटीला इतके हसू आले की टाका चुकला. बाबांनी कापड एका धाग्याने मागे घेतले आणि तो टाका पुढच्या टाक्यात दडवून टाकला. तिने वाकून पाहिले. चूक कुठे होती ते तिच्या सरावल्या डोळ्यालाही सापडेना.

"बाबा, लोक आईच्या हाताचं कौतुक करायचे. तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?" त्यांनी खरेच न कळून विचारले. "माझ्या एकट्यानं काय झालं असतं? गाडी कोणासाठी तरी चालते."

धाकटीने मान खाली घातली. कापडावर तिचे तळहात पसरलेले होते, न हलता. गेले कित्येक दिवस ती या वेलीत आईचा हात शोधत होती. वळणात, पानात, टोकाच्या त्या कलण्यात. तिने तळहात उचलून कापडाखालची झिजलेली जागा बोटांनी चाचपली आणि पुन्हा तिथेच ठेवले.

*

त्यानंतर घराची तऱ्हा बदलली. सकाळी बाबा मुद्दाम लवकर आंघोळ उरकून घेत. जेवण झाले की ते म्हणायचे, "जरा पडतो," आणि दहाव्या मिनिटाला स्टुलावर येऊन बसलेले असायचे. शिवणे चालू असताना ते बोलत, थांबले की गप्प होत. दोघे मिळून नदी ओलांडून आले होते. धुक्यातले एक गाव झाले, ज्यात बाबा दिवा लावून अंदाजानेच जायचे. तिथे त्यांनी डोळे खरोखर मिटले आणि वेल जराही ढळली नाही. एका मोठ्या झाडाखाली त्यांनी दोन टाके उगीचच थांबून घेतले. "इथं मी डबा खायचो," ते म्हणाले. "तुझ्या आईला ही जागा आवडली असती. पण ही मी शेवटी दाखवणार होतो."

संध्याकाळी ऊन जाळीवरून उतरून गेले की धाकटीला खोलीत परत आल्यासारखे वाटायचे. पायांना प्रवासाचा शीण असायचा. चहा करायला उठण्याआधी ती चाक हाताने फिरवून सुई कापडात खाली उतरवून ठेवायची. हे बाबांनीच सांगितले होते. "मध्ये उठायचं झालं तर सुई खाली ठेवावी. मग रस्ता हरवत नाही." पहिल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा बाबा मागोमाग आले होते, आणि चहा होईपर्यंत दाराला टेकून उभे राहिले होते. पुढे रोजच येऊ लागले. दूध उतू जाणार नाही ना, हे पाहायला आल्यासारखे ते पातेल्याकडे बघत राहत.

आईच्या सगळ्या वेली फिरून फिरून निघाल्या त्याच कोपऱ्यात येत. आता तिला कळत होते की तो डेपो आहे. ही वेलही कडेने परतीला लागली होती.

शनिवारी दादाचा फोन आला.

"बाबांची बॅग भरलीस ना? गोळ्या वेगळ्या ठेव. आणि ऐक, त्या गोधडीचं काय झालं?"

"होत आली."

"जमलं तुला? वा! आईचा हात आला म्हणायचा तुझ्यात."

"नाही रे," धाकटी म्हणाली. पुढे सांगायला तिने तोंड उघडले. स्टुलावरून बाबा तिच्याकडे पाहत होते, मुठींत वळकट्या धरून, इंजिन चालू ठेवून थांबलेल्या माणसासारखे. "तू ये उद्या," ती म्हणाली. "आल्यावर बघ."

*

रविवारी सकाळी बाबांची बॅग दारापाशी उभी होती. तिच्यावर त्यांची छत्री आणि टोपी. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि बाह्या न दुमडता ते स्टुलावर बसले होते.

कोपरा जवळ आला होता. शेवटची वळणे लहान होती, ओळखीची. बाबांना मुठी नीट वळवाव्याही लागत नव्हत्या. धाकटीचा पाय एका लयीत चालला होता. खालच्या करड्या अस्तराची कड दिसू लागली. जिथून आईने आणि बाबांनी ही वेल सुरू केली होती ते पहिले पान समोर आले. मध्ये वीतभर कापड राहिले.

खाली रस्त्यावर गाडी थांबली. दादाचा हॉर्न वाजला, दोनदा, आनंदाने.

बाबांनी मान वर केली नाही. कापड सरकत राहिले. वीतभराचे चार बोटे झाले.

धाकटीने अंगुस्तानीचे बोट उचलले आणि मशीनच्या मानेवर एकदा टकटक केली.

बाबांचे हात जागच्या जागी थांबले. मग त्यांनी कापडाकडे पाहिले, कोपऱ्याकडे पाहिले.

"इथं थांबा नाही," ते म्हणाले.

"माहितीये."

"डेपो आलाच आहे. चार टाक्यांचं काम."

"कोणीतरी चढतंय, बाबा."

बाबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. जिन्यावर दादाची पावले वाजू लागली. मध्येच जिन्याच्या खिडकीपाशी थांबून तो कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांना काहीतरी ओरडून सांगत होता आणि काका हसत होते. उन्हाचा चौकोन नुकता खिडकीतून आत आला होता आणि अजून जाळीपर्यंत पोचायचा होता.

"सुई खाली आहे?" बाबांनी हळूच विचारले.

धाकटीने चाक हाताने थोडे फिरवले. सुई तिन्ही पदरांतून खाली उतरली.

"आहे."

दारावर थाप पडली. बाबांनी वळकट्या सोडल्या नाहीत. ते सगळे ओझे तसेच हातांवर उचलून धरून बसून राहिले, दोन टकटकींची वाट पाहत.